वाचकांचे प्रश्न : टेक्निकल कॉलेज आणि दोन वर्षांचे बिझनेस मॅनेजमेंट

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहणाऱ्या मराठी वाचकांच्या पत्रांत अलीकडे एक विषय वारंवार येतो आहे. तेथील टेक्निकल कॉलेजात दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम घ्यावा की घेऊ नये, असे अनेकांनी विचारले आहे. म्हणून या अंकातील सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले असून आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत; त्यांतील एक नाशिकहून आले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आधी देतो. व्यावसायिक शिक्षणाची राज्यव्यापी व्यवस्था कायद्याने उभारण्यात विस्कॉन्सिन हे अमेरिकेत अग्रेसर राज्य होते. तो कायदा १९११ सालचा असून लहान वयात कामाला लागलेल्या मुलामुलींचे शिक्षण तुटू नये, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. त्या शाळांचीच पुढे वाढ होत आज राज्यभर सोळा टेक्निकल कॉलेजे झाली आहेत. तेथे बिझनेस मॅनेजमेंट घेणाऱ्याला साधारणपणे साठ किंवा त्याहून थोडी अधिक क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याची एकके) पूर्ण केल्यावर ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’ ही पदवी मिळते. यातील सुमारे एक तृतीयांश क्रेडिट भाषा, संभाषण, मानसशास्त्र, अर्थशास्त्र अशा सामान्य विषयांची असतात आणि बाकीची हिशेब, मार्केटिंग, व्यवसाय कायदा, मनुष्यबळ व्यवस्थापन, पर्यवेक्षण यांसारख्या विषयांची. ही पदवी चार वर्षांच्या बॅचलर पदवीचा पहिला अर्धा भाग असते, असे पुष्कळ जण गृहीत धरतात. तसे ते नेहमी नसते आणि खालच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ याच समजुतीत आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. आहे. लग्नानंतर येथे आले आणि बरीच वर्षे मुलांच्या संगोपनात गेली. सध्या ॲपलटनजवळ पॅकेजिंगच्या एका कारखान्यात शिफ्ट लीड म्हणून काम करते. सुपरवायझरच्या जागेसाठी किमान असोसिएट पदवी हवी, असे वरिष्ठांनी सांगितले आहे. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. फॉक्स व्हॅली टेक्निकल कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंटला प्रवेश घ्यावा का? माझ्या बी.कॉम.चा काहीच उपयोग नाही का? वय आता चाळिशीला टेकले आहे, याचीही धास्ती वाटते.
— एक वाचक, ॲपलटन

उत्तर : प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी आपल्या बी.कॉम. पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. परदेशी पदव्यांचे मूल्यांकन करणाऱ्या मान्यवर संस्थांपैकी ‘एज्युकेशनल क्रेडेन्शियल इव्हॅल्युएटर्स’ ही संस्था आपल्याच राज्यात, मिल्वॉकी येथे आहे. मूल्यांकन मागवताना केवळ पदवीची समकक्षता सांगणारा अहवाल न घेता प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि श्रेणी दाखवणारा सविस्तर अहवाल घ्यावा, कारण कॉलेजला पुढे तोच लागतो. भारतातील तीन वर्षांची पदवी काही संस्था अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची मानतात, तर काही तिला तीन वर्षांचे विद्यापीठीय शिक्षण मानतात. कसेही मानले, तरी दोन वर्षांच्या असोसिएट पदवीच्या तुलनेत ते कमी ठरू नये. हा अहवाल कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला देऊन ‘सुपरवायझरच्या जागेसाठी हे शिक्षण चालेल का’ असे लेखी विचारावे. उत्तर होकारार्थी आले, तर ज्या पदवीसाठी आपण दोन-तीन वर्षे घालवणार होता ती कदाचित आपल्याला लागणारच नाही आणि काही निवडक विषय घेऊन भागेल. माझ्या परिचयातील अनेक बायका परदेशात आल्यावर आपली भारतातील पदवी स्वतःच मोडीत काढतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर नकारार्थी आले, तर प्रवेश अवश्य घ्यावा. पण आधीच्या शिक्षणाबद्दल किती क्रेडिट माफ होतील हे कॉलेजच्या अॅडव्हायझरकडून पहिल्या सेमिस्टरपूर्वी ठरवून घ्यावे. अर्थशास्त्र, गणित आणि हिशेबाचा पहिला भाग यांत सवलत मिळण्याची शक्यता चांगली असते. हिशेबाच्या बाबतीत ती जरूर घ्यावी. जमा-खर्चाची मूळ तत्त्वे येथेही तीच आहेत. ताळेबंदाची मांडणी, संज्ञा आणि करांचे नियम बदलतात आणि ते पुढच्या विषयांत आपोआप अंगवळणी पडतात.

व्यवसाय कायदा आणि मनुष्यबळ व्यवस्थापन या विषयांत मात्र माफी मिळत असली तरी घेऊ नये. आपण जो कायदा शिकलात तो १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर आधारलेला होता. येथे कराराचे बरेचसे नियम राज्याच्या कायद्यातून येतात, मालाच्या विक्रीसाठी ‘युनिफॉर्म कमर्शियल कोड’ नावाची निराळी संहिता आहे आणि नोकरीचे नाते तर आपल्याकडच्या कल्पनेपेक्षा मुळातच वेगळे आहे, कारण लेखी करार किंवा युनियनचा करार नसेल तर नोकरी साधारणपणे दोन्हीपैकी कोणत्याही बाजूला केव्हाही संपवता येते. या मोकळेपणावर ज्या कायद्यांनी मर्यादा घातल्या आहेत तेच सुपरवायझरला रोज लागतात. ओव्हरटाइमचा हिशेब १९३८ च्या ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स’ कायद्याने ठरतो. वंश, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने मनाई केली आहे. अपंग कामगाराला कामात कोणती सोय करून द्यावी हे १९९० च्या कायद्यात येते, तर आजारी आईवडिलांसाठी कामगाराने रजा मागितली तर काय करायचे हे १९९३ च्या कायद्यात. मुलाखतीला आलेल्या तरुणीला ‘लग्न झाले आहे का, मुले किती’ असे आपल्याकडे सहज विचारले जाते. येथे तोच प्रश्न तक्रारीला कारण ठरू शकतो. शिफ्ट लीडकडून ही जाण अपेक्षित नसते, सुपरवायझरकडून पहिल्या दिवसापासून असते. या अभ्यासक्रमातून आपल्याला खऱ्या अर्थाने नवे मिळणार आहे ते येथेच.

पैशांविषयी आपण विचारलेले नाही, पण सांगणे आवश्यक आहे. ग्रीन कार्डधारकांना सरकारी शैक्षणिक मदतीसाठी अर्ज करता येतो, तरीही ‘पेल ग्रांट’ हे परत न करावे लागणारे अनुदान बॅचलर पदवी असलेल्यांना मिळत नाही आणि परदेशात मिळवलेली पदवीही सहसा त्यात धरली जाते. त्यामुळे त्या अनुदानावर विसंबून बेत करू नये. आपला मोठा आधार कारखानाच ठरेल. कामगाराच्या शिक्षणासाठी मालकाने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिलेली रक्कम ठरावीक अटींवर कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. म्हणून अनेक कंपन्यांच्या शुल्क-परतफेडीच्या योजना याच आकड्याभोवती बेतलेल्या असतात. राज्यातील रहिवाशांसाठी या कॉलेजांचे शुल्क एका क्रेडिटला दीडशे डॉलरच्या आसपास असते, म्हणजे वर्षभरात बारा-पंधरा क्रेडिट घेतली तरी ते या मर्यादेत सहज बसते. योजनेच्या अटी मात्र बारकाईने वाचाव्यात. बहुतेक ठिकाणी ठरावीक श्रेणी मिळाल्यावरच पैसे परत मिळतात आणि शिक्षणानंतर काही काळ त्याच कंपनीत राहावे लागते.

वयाची धास्ती सोडावी. संध्याकाळच्या वर्गात नोकरी करणारी, मुले असलेली माणसे मोठ्या संख्येने असतात आणि शिकवणारेही प्रत्यक्ष उद्योगात काम करून आलेले असतात. धास्ती वेळेची धरावी. तीन क्रेडिटचा एक विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास, असे एकूण नऊ तास. पूर्ण वेळ नोकरी आणि घर सांभाळून एका सेमिस्टरला दोनच विषय झेपतील. त्या गतीने, माफ झालेली क्रेडिट आणि उन्हाळी वर्ग धरूनही, दोन वर्षांच्या पदवीला तीन वर्षे किंवा थोडी अधिक लागतील. घरातील सर्वांना हे आधीच सांगावे आणि त्या आठवड्याच्या अठरा तासांत घरचे कोणते काम कोण करणार हेही त्याच वेळी ठरवावे.

प्रश्न : आम्ही मिल्वॉकीजवळ ब्रुकफील्डला राहतो. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असून मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे. ती अठरा वर्षांची असून यंदा हायस्कूल संपवते आहे. तिला व्यवसाय व्यवस्थापनातच पुढे जायचे आहे. पहिली दोन वर्षे टेक्निकल कॉलेजात करून नंतर विद्यापीठात जावे, असे ती म्हणते. खर्च वाचेल हे मलाही पटते, परंतु नातेवाईक ‘टेक्निकल कॉलेज’ म्हटले की नाक मुरडतात. दोन्हीकडचे शिक्षण खरोखर जोडले जाते का?
— एक वडील, ब्रुकफील्ड

उत्तर : जोडले जाते, पण कोणत्या अभ्यासक्रमाला नाव घातले आहे यावर ते अवलंबून असते. आपल्या मुलीला शेवटी विद्यापीठाची बॅचलर पदवीच हवी असेल, तर तिने टेक्निकल कॉलेजातील ‘बिझनेस मॅनेजमेंट’ घेण्याऐवजी, नावात ‘बिझनेस’ नसले तरी, विद्यापीठात जाण्यासाठी आखलेला ‘असोसिएट ऑफ आर्ट्स’ किंवा ‘असोसिएट ऑफ सायन्स’ हा मार्ग घेणे बहुतेक वेळा अधिक हिताचे असते. मिल्वॉकी एरिया टेक्निकल कॉलेजात हा मार्ग उपलब्ध आहे. वॉकेशा येथील विद्यापीठाची दोन वर्षांची शाखा २०२५ मध्ये बंद झाली असल्याने आपल्या भागातील मुलांसाठी टेक्निकल कॉलेजांचे महत्त्व वाढलेच आहे.

याचे कारण विषयांच्या पातळीत आहे. राज्यातील विद्यापीठे आणि टेक्निकल कॉलेजे यांच्यात किमान तीस क्रेडिटचे सामान्य विषय परस्पर मान्य करण्याचा करार आहे. २०१३ च्या राज्य कायद्याने तो बंधनकारक केला. इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय त्यामुळे बिनबोभाट पुढे जातात. अडचण व्यवस्थापनाच्या विषयांची येते. टेक्निकल कॉलेज मनुष्यबळ व्यवस्थापन किंवा मार्केटिंग पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकवते, कारण तेथील विद्यार्थ्याला ते लगेच कामात वापरायचे असते. विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये तेच विषय तिसऱ्या-चौथ्या वर्षी असतात आणि खालच्या वर्षी केलेला विषय वरच्या वर्षाचा म्हणून स्वीकारायला ती सहसा तयार नसतात. असे क्रेडिट कागदोपत्री ‘ऐच्छिक’ म्हणून जमा होते, पण पदवीच्या आवश्यक विषयांत धरले जात नाही. गणिताचेही तसेच आहे. बिझनेस स्कूलच्या प्रवेशासाठी अनेकदा कॅल्क्युलस लागते, तर बिझनेस मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याला व्यावहारिक गणितावर पदवी पूर्ण करता येते. दोन वर्षे मन लावून शिकलेली मुले विद्यापीठात गेल्यावर पुन्हा दुसऱ्या वर्षाच्या विषयांत बसतात ती यामुळे, आणि त्यांच्या बुद्धीचा त्यात काही दोष नसतो.

म्हणून हाती घ्यायचे काम असे आहे. मुलीने पुढच्या दोन किंवा तीन विद्यापीठांची नावे आत्ताच ठरवावीत, त्यांच्या बिझनेस स्कूलच्या प्रवेशाचे आवश्यक विषय पाहावेत, ‘ट्रान्सफरॉलॉजी’ या संकेतस्थळावर टेक्निकल कॉलेजातील प्रत्येक विषयाचे तेथे काय होते ते तपासावे आणि शेवटी विद्यापीठाच्या ट्रान्सफर विभागाकडून ते ईमेलने लेखी घ्यावे. टेक्निकल कॉलेजचा अॅडव्हायझर सद्हेतूने मार्ग दाखवील, परंतु क्रेडिट स्वीकारण्याचा अधिकार विद्यापीठाचा असतो आणि विचारायचे ते तेथेच. टेक्निकल कॉलेजची उपयोजित पदवी एकगठ्ठा स्वीकारणारे बॅचलर अभ्यासक्रमही राज्यात आहेत आणि काम करत शिकणाऱ्यांना ते चांगले मानवतात. अठरा वर्षांच्या, पूर्ण वेळ शिकू शकणाऱ्या मुलीने मात्र आधी पहिला मार्ग पाहावा.

एच-४ विषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या व्हिसावर तिला पूर्ण किंवा अर्धवेळ कसेही शिकता येते, परंतु सरकारी अनुदान वा कर्ज मिळत नाही. तिला नोकरी करता येत नाही. २०१५ च्या नियमाने दिलेली कामाची परवानगी काही विशिष्ट जोडीदारांपुरती आहे, मुलांना ती लागू नाही. त्यामुळे ज्या अभ्यासक्रमात पगारी इंटर्नशिप अनिवार्य असेल तेथे इंटर्नशिपऐवजी प्रकल्प करता येतो का, हे प्रवेशाआधी विचारावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकविसाव्या वाढदिवसाला तिचा एच-४ दर्जा संपतो. त्याआधी ग्रीन कार्ड हाती येणार नसेल, तर एफ-१ या विद्यार्थी दर्जासाठी वेळेत अर्ज करावा लागेल आणि तो मिळाल्यावर अर्धवेळ शिकण्याची मुभा राहणार नाही. आज अठरा, असोसिएट पदवी विसाव्या वर्षी, विद्यापीठात प्रवेश त्याच सुमारास आणि लगेच पुढे दर्जाचा बदल, असे हे वेळापत्रक घट्ट आहे. दर्जा बदलल्यावर शुल्काचा दर बदलेल का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आत्ताच विचारा आणि ग्रीन कार्डच्या वयोमर्यादेबाबत आपल्या वकिलांचे मत घ्या.

नातेवाइकांबद्दल एवढेच म्हणतो की बॅचलरचे प्रमाणपत्र ती जेथे पदवी पूर्ण करील त्या विद्यापीठाचेच असेल. वाचलेले पैसे आपल्या घरात राहतील.

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी वाणिज्य शाखेतून उत्तीर्ण झाला. येथील एका एजंटाने सुचवले आहे की त्याला अमेरिकेतील टेक्निकल कॉलेजात दोन वर्षांच्या बिझनेस मॅनेजमेंटला पाठवावे. खर्च कमी येतो, दोन वर्षांत पदवी मिळते आणि नंतर तेथेच नोकरी लागते. थोडी शेती विकून पैसा उभा करता येईल. आपला सल्ला हवा आहे.
— एक पालक, नाशिक

उत्तर : या बेतासाठी शेती विकू नये.

एजंटाने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन अर्ध्या खऱ्या आहेत आणि तिसरी तशी खरी नाही. शुल्क विद्यापीठापेक्षा कमी असते, पण राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला ते रहिवाशापेक्षा जास्त पडते आणि राहणे, जेवण, आरोग्यविमा, हिवाळ्याचे कपडे, प्रवास यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, परंतु ते मिळेलच असे नाही आणि मिळाले तरी त्यावर वर्षाचा खर्च निघत नाही.

दोन वर्षांत जी मिळते ती असोसिएट पदवी असते, बॅचलर नव्हे. एफ-१ व्हिसावर ती पूर्ण करणाऱ्याला अर्ज केल्यास आपल्या विषयातील कामासाठी बारा महिन्यांपर्यंतची परवानगी मिळू शकते. त्यानंतर नोकरीसाठी जो एच-१बी व्हिसा लागतो त्याला किमान बॅचलर पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता लागते. म्हणजे तेराव्या महिन्यात मुलासमोर दोनच वाटा उरतील : आणखी दोन-अडीच वर्षांचे विद्यापीठाचे शुल्क भरणे किंवा परतणे. परतल्यावर भारतात एमबीएला जायचे म्हटले, तर किमान तीन वर्षांची बॅचलर पदवी आवश्यक असते आणि ती त्याच्याकडे नसेल. एजंटाने एम-१ या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच्या विद्यार्थी व्हिसाचे नाव काढले असेल, तर अधिकच सावध व्हावे. त्या व्हिसावर शिक्षणानंतरच्या कामाची मुभा जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते आणि अमेरिकेत राहून एम-१ चा एफ-१ करून घेता येत नाही.

मुलाला व्यवस्थापनच शिकायचे असेल, तर महाराष्ट्रातील बीबीए किंवा बीएमएसच्या प्रवेश परीक्षेची तयारी करावी. २०२४ पासून एआयसीटीई या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलेल्या या अभ्यासक्रमांसाठी राज्याची सीईटी घेतली जाते. पदवीनंतर एक-दोन वर्षे नोकरी करून तो परदेशात उच्च शिक्षणाला गेला, तर त्याच्या हाती पदवी, अनुभव आणि स्वतःची थोडी बचत असेल. घरात चार-पाच वर्षांच्या संपूर्ण शिक्षणाचा खर्च जमीन न विकता उचलण्याची ऐपत असती, तर असोसिएटपासून बॅचलरपर्यंतचा मार्ग मी विचारात घ्या असे म्हटले असते. आपल्या पत्रावरून तशी परिस्थिती दिसत नाही.

प्रश्न : केनोशात आमचे भारतीय किराणा मालाचे दुकान आहे आणि आता आतच चहा-समोशाचा छोटा काउंटर सुरू केला आहे. शिक्षण बारावीपर्यंत झाले. हिशेब आणि कर यांत सतत गोंधळ होतो. गेटवे टेक्निकल कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंटची पूर्ण पदवी घ्यावी, असे मित्र म्हणतात. दुकान सांभाळून ते जमेल का?
— एक दुकानदार, केनोशा

उत्तर : आपल्याला सध्या पदवीची गरज दिसत नाही, हिशेब आणि कर या दोन गोष्टींचे नेमके ज्ञान हवे आहे. या कॉलेजांत पदवीच्या आत बसणारे छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतात आणि सुटा विषयही घेता येतो. पहिल्या सेमिस्टरला हिशेबाचा प्रारंभिक विषय आणि जमल्यास संगणकावरील हिशेबाचा वर्ग, एवढेच घ्यावे. ही क्रेडिट सहसा वाया जात नाहीत. पुढे कधी पदवी घ्यावीशी वाटली तर त्यात ती धरली जातात का, एवढे प्रवेशाच्या वेळी विचारून ठेवावे.

वर्ग सुरू होण्याची वाट मात्र पाहू नये, कारण आपल्या दुकानातील काउंटरने करांचे गणित बदलले आहे. विस्कॉन्सिनमध्ये घरी नेऊन शिजवण्याच्या डाळ-तांदूळ-पिठावर विक्रीकर लागत नाही, पण तयार गरम खाद्यपदार्थांवर लागतो. राज्याचा दर पाच टक्के असून त्यावर स्थानिक कर येतो. गोड गोळ्या आणि शीतपेयेही करपात्र आहेत. बिलाच्या यंत्रात या वस्तूंचे गट वेगळे केलेले नसतील, तर ग्राहकाकडून न घेतलेला कर पुढे आपल्या खिशातून भरावा लागेल. केनोशातच विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पार्कसाइड शाखेत लघुउद्योग विकास केंद्र आहे आणि अशा केंद्रांत छोट्या व्यावसायिकांना विनाशुल्क सल्ला मिळतो. त्यांची भेट याच आठवड्यात ठरवावी आणि जाताना गेल्या तीन महिन्यांची विक्रीची बिले, बँकेची विवरणपत्रे आणि आतापर्यंत भरलेली विक्रीकराची विवरणपत्रे सोबत न्यावीत.